शिल्लक वळणं

आधीच सांगून ठेवतो, मी बाईमाणूस आहे. वैजयंता चौगुले, निशाणवेशीतली खानावळवाली. कोल्हापुरातल्या आमच्यासारख्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि छप्पन्नाव्या वर्षी मी काय माझी जीभ बदलणार नाही. पेठेत मला सगळे वैजाक्का म्हणतात. तुम्हीही म्हणा.

आमच्याकडं फुटबॉलची टीम तालमीची असते. जिथं पूर्वी पैलवान घुमायचे त्याच तालमी, त्यांचीच टीम, आणि मग पेठेपेठेची इर्षा. सोयरीक जमवताना पोरगा कुठल्या तालमीचा ते आधी विचारतात, नोकरी मागनं. आमची निशाणवेस तालीम. रस्त्यापलीकडं दौलत तालीम. नऊ वर्षं आम्ही दौलतला फायनलला हरवलं नव्हतं. नऊ वर्षं दर हंगामात त्यांची मिरवणूक मुद्दाम माझ्या खानावळीसमोर दहा मिनिटं थांबायची. मी शटर ओढून आत बसायचो आणि शिव्या घालायचो. खोटं कशाला बोलू?

पूर्वी टीममध्ये पेठेचीच पोरं असायची. मग बाहेरची आणायला लागले, तेही आम्ही गिळलं. पण गेल्या तीन हंगामांत एक विचित्र प्रकार चालला होता. तालमीचे अध्यक्ष आबा इंगवले बाहेरनं असे खेळाडू आणायचे की नुसतं बघत राहावं. गोव्याचे, केरळचे, एक तर पार घानाचा. असली माणसं आमच्यासारख्या गल्लीतल्या टीमला मिळतातच कशी, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पण जिंकताना प्रश्न कोण विचारतं? हंगाम संपता संपता एकेकाचा गुडघा जायचा. तीन वर्षांत नऊ जण कुबड्या घेऊन स्टेशनवर गेले. वाटेतले त्यांचे डबे मीच बांधून दिले. आणि एवढं करून चषक दौलतच्याच दारात.

मग कुजबुज सुरू झाली. आबा भंगार उचलतोय, म्हणे. खेळाडू निवडायची ही काय तऱ्हा झाली? टिकणारी माणसं का आणत नाहीत? सगळ्यांत जास्त कालवा उमाजी सरनाईकाचा. उमाजी म्हणजे आमच्या समर्थकांचा म्होरक्या. गेली वीस वर्षं गॅलरीत ढोल त्याच्याच गळ्यात. तापट, पण मनानं साफ. मीही त्याच्या बाजूनंच होतो, कारण माझ्या डोळ्यासमोर रेमा होता.

रेमाचं पूर्ण नाव लालरेमरुआता. मिझोरामचा, तेवीस वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी आला तेव्हा माझा तांबडा रस्सा खाऊन त्याच्या डोळ्यांतनं, नाकातनं पाणी. आठवड्यात दुसरी वाटी मागायला लागला. मराठी माझ्या स्वयंपाकघरात शिकला, त्यामुळं बोलायचाही माझ्यासारखाच. स्वतःचं ताट स्वतः धुवायचा, आणि वर मलाच दटावायचा की अक्का, बस जरा, सकाळपासून उभी आहेस. मला मूलबाळ नाही. मालक जाऊन चौदा वर्षं झाली. पुढचं तुम्हाला कळलं असेल, मी बोलून दाखवत नाही.

मैदानावर तो बघण्यासारखा. पूर्ण वेगात पळताना एकदम फिरायचा, आणि समोरचा गडी सरळ पुढं निघून जायचा. तेच त्याचं वळण. त्या वळणाच्या जोरावर आम्ही पुन्हा फायनलला पोचलो. फायनल रविवारी चार वाजता, दौलतबरोबर.

बुधवारी सकाळी आम्ही चाळीस समर्थक तालमीत जमलो. रेमाचाही गुडघा जायच्या आत आबांना जाब विचारायचा, असं ठरलं होतं. पण वर जायच्या आधी उमाजीनं बिरोबाचा भंडारा पुढं केला. मागच्या वर्षी असल्याच एका बैठकीतली गोष्ट दौलतवाल्यांना कळली होती, तेव्हापासून त्याचा कुणावर विश्वास नव्हता. त्यानं सांगितलं, आत जे कानावर पडेल ते या चाळिसांच्या बाहेर जाणार नाही, असा भंडारा उचला. चाळीस जणांनी उचलला. मीही उचलला, कपाळाला लावला. काय ऐकायचंय ते माहीत नसताना गप्प बसायची शपथ घेतली. असला खुळेपणा फक्त आमच्या पेठेतच होऊ शकतो.

आबांनी काही लपवलं नाही. हीच तर त्यांची हुशारी. त्यांनी आम्हाला माडीवरच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं एक पांढरं यंत्र होतं, आणि डॉक्टर मृणाल पेंडसे नावाच्या पुण्याच्या बाई. आबा म्हणाले, बाई, ह्यांना सगळं सांगा.

बाईंनी साध्या भाषेत सांगितलं. लोखंडी तार घ्या, वाकवा, सरळ करा, परत वाकवा. पंधरा-वीस वेळा काही होत नाही, मग एकदम तुटते. खरं तर ती पहिल्यापासून आतून चिरत असते, बाहेरून दिसत नाही एवढंच. गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा एक दोर असतो. पूर्ण वेगात माणूस गर्रकन वळला की त्या दोराचे काही बारीक धागे तुटतात. विश्रांतीत थोडे सांधतात, सगळे नाही. हे यंत्र बारीक आवाजाच्या लहरी गुडघ्यात सोडतं आणि धाग्यांची चीर न् चीर बघतं. रक्ताच्या थेंबातनं कळतं की झीज किती आणि भरून किती येतंय. बुटातली पट्टी प्रत्येक वळणाचा भार नोंदवते. या तिन्हीवरनं यंत्र एक आकडा काढतं. हा गुडघा आणखी किती वळणं सोसेल, तो आकडा. त्याला त्या 'शिल्लक' म्हणत होत्या.

मग आबा बोलले. मोठ्या क्लबांकडं असली यंत्रं कधीची आहेत. ज्याची शिल्लक कमी त्याला ते घेत नाहीत, मग तो कितीही चांगला खेळो. असली माणसं घरी बसून असतात, कुणी बोलावलं तर धावत येतात. आपण त्यांनाच बोलावतो. आपल्याला कुठं दहा वर्षं हवीत? एक हंगाम बास. असल्या खेळाडूंशिवाय निशाणवेस फायनल बघणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

खोलीत एकच गलका उठला. उमाजीनं तर आबांची कॉलरच धरायची बाकी ठेवली. माणसं आहेत का चिपाडं, रस काढून टाकायला, असं तो ओरडला. मला त्याचा अभिमान वाटला. नऊ जणांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरनं जात होते. मी विचारलं, त्या पोरांना हे माहीत असतं का? बाईंनी मान खाली घातली. आबाच म्हणाले की नाही. आकडा कळला की खेळाडू पाय आखडून खेळतो, मग काय उपयोग?

"आणि रेमाची शिल्लक किती?" मी विचारलं.

"सेहेचाळीस," बाई म्हणाल्या.

एका मॅचला त्याची पस्तीस ते चाळीस वळणं होतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे फायनल निघेल. त्यानंतर खेळला तर दोर तुटणार, आणि तो असा तुटेल की शिवूनही पुन्हा खेळता येणार नाही. आबा म्हणाले, फायनल झाली की मी स्वतः त्याला सांगून थांबवणार आहे. बाकीच्यांना का थांबवलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

 चाळीस माणसं मनातल्या मनात वजाबाकी करत होती. मग उमाजीनं घसा खाकरला.

"आबा, एक्स्ट्रा टाईम झाला तर?"

हे विचारायला तो आला नव्हता. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, घरातनं निघताना त्याच्या मनात हे नव्हतं. पण नऊ वर्षांचा अपमान माणसाला कुठं नेऊन ठेवतो बघा. बाईंनी सांगितलं की आणखी दहा-बारा धरा, म्हणजे पुरणार नाहीत. आबा म्हणाले, तेव्हा बदलू त्याला. लोकांनी माना डोलावल्या. जाब विचारायला गेलेली माणसं कधी कुणाला उतरवायचं यावर बोलत जिना उतरली.

खाली आल्यावर मी उमाजीला बाजूला घेतलं. म्हटलं, रेमाला सांगू या. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भंडारा उचललायस अक्का, एवढंच बोलला.

तुम्ही म्हणाल, भंडाऱ्याचं काय एवढं. सन दोन हजार बेचाळीस चाललंय, गुडघ्यातले धागे मोजणारी यंत्रं आली. खरं आहे. पण माझ्या सासऱ्यांनी एकदा उचललेला भंडारा मोडला, आणि वर्षाच्या आत घरातली दोन माणसं गेली. योगायोग असेल. तो मी मानायला तयार आहे, पण दुसऱ्याच्या घरात. माझ्या घरात नाही.

गुरुवारी रेमा जेवायला आला तेव्हा मी दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि दोनदा भाकरी वाढून परत फिरलो. तो सांगत होता की दिल्लीच्या एका क्लबनं पूर्वी त्याची तपासणी केली होती, आणि कारण न सांगता परत पाठवलं होतं. फायनल चांगली गेली तर तिकडं परत विचारतील, असं त्याला वाटत होतं.  मी लोणचं आणायला आत गेलो.

शुक्रवारी माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मला वाटलं, बिरोबानंच वाट दाखवली. शपथ होती तोंडाची. हातांनी कुठं शपथ घेतली होती? रेमा फायनल खेळलाच नाही तर त्याची सेहेचाळीस वळणं तशीच राहतील. पुढं आबा त्याला सांगतील, तो आपला आपण ठरवील, माझी शपथही मोडणार नाही. आणि पेठेची फायनल? तिचं काय व्हायचं ते होवो, असं मी मनाला बजावलं. ते सोपं गेलं नाही.

शनिवारी दिवेलागणीला तो आला. मी त्याचा रस्सा वेगळ्या भांड्यात काढला होता, आणि त्यात सोनामुखीचा काढा. पोट साफ करायला म्हातारी माणसं घेतात ती सोनामुखी, पण मी चौघांना पुरेल एवढी घातली. मसाल्यात काही कळलं नाही. आज रस्सा जास्तच झणझणीत आहे म्हणाला, आणि दुसरी वाटी मागितली. मी दिली.

रविवारी सकाळी निरोप आला की रेमा पहाटेपासून संडासातनं बाहेर आलेला नाही. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. देवापुढं दिवा लावला. दुपारी मी भगवी साडी नेसून, डोक्याला तालमीची पट्टी बांधून स्टेडियमवर गेलो. हरायची तयारी करून गेलो होतो.

टीम बाहेर आली, आणि सातव्या नंबरचा शर्ट घालून रेमा.

मागनं कळलं ते असं. आबांनी पेठेतल्या एका डॉक्टरला बोलावून त्याला सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या होत्या. पेंडसे बाई म्हणत होत्या की परत मोजणी करू या, अशा अवस्थेत खेळवू नका. आबांनी ऐकलं नाही. बुधवारनंतर पळालाच नाही, मग आकडा तोच असणार, असा त्यांचा हिशोब. आणि रेमा स्वतःच हट्टाला पेटला होता. त्याला दिल्ली दिसत होती.

त्या दिवशीची आमची गॅलरी मी जन्मात विसरणार नाही. एरवी कानठळ्या बसतात. त्या दिवशी बाकीची गॅलरी नाचत होती, आणि मधे आम्ही चाळीस जण गप्प. रेमा वळला की चाळीस अंगठे पुढच्या पेरावर सरकायचे. उमाजीनं ढोल खाली ठेवला होता, कारण ढोल वाजवताना मोजता येत नव्हतं. मीही मोजत होतो. त्याचा चेहरा पिवळा पडलेला लांबनंही दिसत होता. मला मैदानात उडी मारावीशी वाटली. मारली नाही.

एकतिसाव्या मिनिटाला त्यानं डावीकडनं बॉल घेतला, दौलतच्या शेवटच्या गड्याला वळणावर मागं टाकलं आणि मारला. गोल. माझ्या बोटांवर ते एकोणिसावं वळण होतं.

तो खाली पडला होता. कुणी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. टीममधली पोरं धावत आली आणि आनंदानं त्याच्या अंगावर पडली, एकावर एक, सहा-सात जण. तो ओरडत होता. गोलचा आनंद समजून ती त्याला आणखी दाबत होती. आमच्या चाळिसांतलं कुणी हललं नाही. आम्हाला कळलं होतं.

एक-शून्यानं आम्ही जिंकलो. नऊ वर्षांनी. मिरवणूक दौलतच्या दारात अर्धा तास थांबली. मी हॉस्पिटलात होतो.

मंगळवारी तालमीत पुन्हा बैठक भरली. आता उमाजीला कंठ फुटला होता. सेहेचाळीस सांगितले आणि एकोणिसाव्याला तुटलं, म्हणजे यंत्र खोटं. खोट्या आकड्यावर खेळाडू निवडायचे, त्याच आकड्यावर एका पोराला पणाला लावायचं, ही कसली पद्धत? सगळे त्याच्या बाजूनं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हेही मी सांगतो. यंत्रावर खापर फोडलं की स्वतःच्या मोजलेल्या बोटांकडं बघावं लागत नव्हतं.

पेंडसे बाई उठल्या. म्हणाल्या, यंत्र चुकलेलं नाही. गुडघ्याचा भार एकटा तो दोर उचलत नाही, मांडीचे स्नायू अर्ध्याहून जास्त उचलतात. अंगातलं पाणी आणि क्षार गेले की स्नायू लवकर थकतात, मग सगळा भार दोरावर. म्हणूनच मी परत मोजा म्हणत होते. त्याचं पोट असं एकाएकी कशानं बिघडलं, ते कळलं तर मी तुम्हाला सिद्ध करून दाखवते.

आबा म्हणाले, काहीतरी खाल्लं असेल.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तो माझ्याशिवाय कुठं खात नाही, हे पेठेला ठाऊक होतं.  तेवढ्यात उमाजीच उसळला की वैजाक्काच्या ताटावर बोट ठेवायचं नाही, शनिवारी मी आणि आणखी दोघं तिथंच जेवलो, आम्हाला काय झालं? लोक म्हणाले, बरोबर आहे.  आबांनी हात जोडले. यंत्र परत पाठवायचं ठरलं. पुढच्या हंगामापासून पेठेची पोरं, डोळ्यांनी बघून. टाळ्या पडल्या.

मी एक शब्द बोललो असतो तर यंत्र खरं ठरलं असतं, आणि आणखी पोरं त्याच आकड्यावर निवडून आणली असती. म्हणून मी गप्प बसलो, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. पण तसं नव्हतं. मला भीती वाटली म्हणून मी गप्प बसलो.

घरी आलो तर रेमा पायरीवर बसलेला. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालता येईल, पळता येणार नाही. बुटातल्या पट्टीची नोंद पेंडसे बाईंनी त्याच्या हातात दिली होती आणि सगळं सांगितलं होतं. मी त्याला आत घेतलं, ताट वाढलं. तो चार घास जेवला.

"अक्का, तुला आकडा माहीत होता?"

भंडारा, बिरोबा, सासऱ्यांचं घर, सगळं एकदम आठवलं. आणि मग काहीच आठवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. बुधवार सांगितला, सोनामुखी सांगितली, दुसरी वाटी सांगितली. सांगताना रडलो नाही. रडायचा हक्क आपला नाही, एवढं मला कळत होतं.

त्यानं ताट दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं ताट फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

"तू सांगितलं असतंस तरी मी कदाचित खेळलोच असतो," तो म्हणाला. "कदाचित नसतो. आता ते मलापण कधी कळणार नाही."

एवढं बोलून तो उठला. ताट धुवायला वाकता येईना, तरी त्यानं ते उचलून मोरीपर्यंत नेलं. मी धरायला गेलो तर हातानंच नको म्हणाला.

त्याची गाडी शुक्रवारची होती. तोवर तो पेठेतच होता, तालमीच्या खोलीवर. कोपऱ्यावरनं वडापाव मागवतोय, असं पोरं सांगायची. मी दोन्ही वेळा त्याचं ताट वाढून ठेवत होतो. तो आला नाही.